फटीचं माप

एलुनेद प्रॉसर लंडनला साक्षीला आली
तेव्हा तिच्या पिशवीत छत्री होती, सँडविचचा डबा,
आणि दांडा बसवलेला एक लाकडी ठोकळा.
दारावरच्या पहारेकऱ्याने तो तीनदा उलटून पाहिला.
"डोकं आहे," ती म्हणाली,
"चार वर्षांच्या पोराचं. म्हणजे, तेवढ्या मापाचं."

मी समितीचा लघुलेखक.
बोललेलं लिहायचं, न बोललेलं सोडायचं,
एवढंच माझं काम.

वेल्सच्या किनाऱ्यावर, लानेलीत, एकतीस वर्षं
ती मुलांची मैदानं तपासायची.
झोपाळ्याच्या कड्या, घसरगुंडीचे बोल्ट,
कठड्याची एकेक फट.
ठोकळा आत जाऊन अडकला
की त्याच दिवशी मैदानाला कुलूप.
मालक भला आहे का, पोर खट्याळ होतं का,
आईचं लक्ष कुठे होतं,
हे तिच्या फॉर्मवर विचारलेलंच नव्हतं.

कंपनीचे गृहस्थ तिच्या आधी बोलून गेले होते.
छान बोलले. पाण्याचे घोट घेत.
आम्ही नुसती जागा देतो, म्हणाले,
येणारे आपापल्या पायांनी येतात.
तक्रारीचं बटण आहे. निळं आहे.
शक्य तितपत, म्हणाले. शक्य तितपत
माझ्या नोंदीत चौदा ठिकाणी सापडतं.

मग ही. नातीचं नाव तिने घेतलं नाही.
पोरगी तेराची, एवढंच. पोहायची.
एका रात्री तिने बारीक होण्याचं एक चित्र पाहिलं.
त्या जागेने दुसरं पुढे केलं. मग तिसरं.
पहाटेपर्यंत चारशे,
जसं नको नको म्हणताना
कुणी पानात वाढतच जावं,
आणि वाढलेलं काय, तर उपास.

"आता ती इस्पितळात असते.
अर्धं सफरचंद चाळीस मिनिटं खाते.
मी शेजारी बसून घड्याळाकडे बघत नाही."

कुणीतरी खोकलं.
"घसरगुंडी पोराच्या मागे घरापर्यंत येत नाही," ती म्हणाली.
"यांची येते. उशाशी येते.
तिचे बोल्ट कोण बघतं?"

अध्यक्षांनी अदबीने विचारलं,
बाई, या क्षेत्रातल्या आपण तज्ज्ञ आहात का?
"नाही. मी फटींची आहे."

आणि ठोकळा टेबलावर ठेवला.
टक्.
या आवाजाला नोंदीत जागा नसते.
मी लिहिलं: साक्षीदार एक वस्तू दाखवतात.

पुढे मसुदा फिरत राहिला, या खोलीतून त्या खोलीत.
कंपनी जोखीम तपासू शकेल,
असं एक कलम होतं.
त्यातला 'शकेल' खोडायला अकरा महिने लागले.
एका गुरुवारी, संध्याकाळी सव्वासातला,
अर्धी खुर्च्यांची रांग रिकामी असताना,
ते झालं: कंपनी जोखीम तपासील.
तपासलं नाही तर दंड, आणि दंडाची रक्कम
वाचताना माझीही बोटं अडखळली.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाडीच्या वेळा बघितल्या.
'शक्य तितपत' मात्र राहिलं,
नवव्या कलमात, कोपऱ्यात,
फार मोठं नाही. मूठभर.

ठोकळा ती विसरून गेली होती.
मी पत्ता शोधून पत्र टाकलं.
उत्तर आलं, पोस्टकार्डावर, समुद्राच्या चित्रामागे:
ठेवा. माझ्याकडे दुसरा आहे.
पोरगी बरी नाही, पण काल भांडली माझ्याशी,
छान भांडली.

परवा रात्री घरी, मुलाच्या खोलीचं दार
बोटभर उघडं. आतून निळसर उजेड
गालिच्यावर पट्टीसारखा पडलेला.
का कोण जाणे, ठोकळा माझ्या हातात होता.
मी तसाच उभा राहिलो.
"काय हवंय?" आतून.
काही नाही, म्हणालो.
जेवायला चल.